जुन्या पूल टेबलाचा स्कोअर काउंटर : दुरुस्तीनंतरचे आठ महिने, पावसाळा धरून

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक जुनं अमेरिकन बनावटीचं पूल टेबल आहे. घोडबंदर रोडवरचं एक पार्लर बंद होत होतं, तेव्हा आम्ही ते घेतलं. कापड नवं घातलं, कुशन बदलली. ज्या टोकाला रॅक लावतात, म्हणजे बॉल त्रिकोणात रचतात, तिथल्या लाकडी पट्टीत दोन स्कोअर काउंटर, म्हणजे गुण मोजायची आकड्यांची चाकं, बसवलेले आहेत, ते मात्र गच्च अडकलेले होते आणि आम्ही तसेच राहू दिले. जानेवारीत दोन्ही उघडून दुरुस्त केले. आता सप्टेंबर संपत आलाय आणि टेबल रोज संध्याकाळी दोन-तीन तास चालतं, त्यामुळे खात्रीनं लिहिता येईल.

हे काउंटर मुळात असतात कशाला, असं बरेच जण विचारतात. एट-बॉल हा पूलचा नेहमीचा प्रकार खेळणाऱ्याला त्यांची गरज नसते. ते आहेत फोर्टीन-वन या दुसऱ्या प्रकारासाठी. त्यात प्रत्येक बॉलला एक गुण. १५ पैकी १४ बॉल खिशात गेले की उरलेला एक टेबलावर तसाच ठेवायचा, १४ परत रॅक करायचे आणि खेळ पुढे चालू. शंभर, सव्वाशे, दीडशेपर्यंत मोजत जायचं. विली मॉस्कोनी या अमेरिकन खेळाडूनं १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला या खेळात सलग ५२६ बॉल पॉट केले होते. इतकी मोजणी तोंडी ठेवायची म्हणजे वाद ठरलेला. आमच्याकडे दर शनिवारी तो होतच असे.

दुरुस्तीआधी दोन पर्याय वापरून पाहिले. मोबाइलवर चॉकची (क्यू म्हणजे खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात ती भुकटी) बोटं उमटायची आणि ऐन वेळी स्क्रीन बंद पडायची. मग कौपिनेश्वर मंदिराजवळून बोटात घालायचे जपाचे काउंटर आणले. ते छान चालतात, पण फक्त पुढेच जातात. फोर्टीन-वनमध्ये फाउल झाला की एक गुण वजा होतो आणि लागोपाठ तीन फाउल झाले तर वरून आणखी १५ जातात. मागे न फिरणारा काउंटर इथं कामाचा नाही. पुढे स्प्रिंग बनवताना हीच गोष्ट महत्त्वाची ठरली.

आतली रचना अगदी साधी आहे. पितळी पट्टीला दोन खिडक्या, खाली एकाच पिनवर दोन चाकं, एक एककाचं आणि एक दशकाचं. कड अंगठ्यानं ढकलायची. नवाच्या पुढे गेलं की हातचा आपणच घ्यायचा, चाकं एकमेकांना जोडलेली नाहीत. प्रत्येक चाकाला दहा खाचा आहेत आणि त्यात एक पातळ पट्टीची स्प्रिंग टेकते. आकडा खिडकीच्या मधोमध थांबतो तो तिच्यामुळे.

बिघाडाचं मूळ चॉक. क्यूला लावतो तो चॉक शाळेतला खडू नव्हे. १८९७ साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून त्यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी खरखरीत द्रव्यं असतात. सँडपेपरवरही हेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरतात. ही निळी भुकटी खिडकीतून आत पडत राहते. आधी बोलावलेल्या एका मेकॅनिकनं वरूनच शिलाई मशीनचं तेल सोडलं. दोन दिवस चाकं मस्त फिरली, मग पहिल्यापेक्षा घट्ट बसली. उघडल्यावर कारण दिसलं : तेल आणि चॉक मिळून आत निळा-काळा लांबीसारखा (पुट्टीसारखा) लगदा झाला होता आणि त्यानं पितळी पिन एका बाजूनं खाल्ली होती, नखाला लागेल इतका खड्डा. म्हणून कळकळीनं सांगतो, या काउंटरमध्ये तेलाचा थेंबही घालू नका. मी आता शिसपेन्सिलीचं शिसं, सहा बी, ब्लेडनं खरवडून तीच पूड पिनवर चोळतो. आठ महिन्यांत चाक एकदाही चिकटलेलं नाही.

उघडताना स्क्रू गंजलेले होते. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवलं, गार होऊ दिलं, मग सुटले. चाकं साबणाच्या कोमट पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनंच धुवा. मी एका चाकावर थिनर लावला आणि प्लास्टिक जागेवरच पांढरं पडून चिकट झालं, ते अजून तसंच दिसतं. आकडे कोरलेले होते हे नशीब. त्यात काळा एनॅमल रंग टूथपिकनं भरला आणि वरचा जादा रंग व्हिजिटिंग कार्डाच्या कडेनं ओढून काढला. आता दुसऱ्या टोकाला उभं राहूनही स्कोअर वाचता येतो.

पिन वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांनी करून दिली. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वसाहतीत, आणि एक-दोन नगांचं काम मनापासून करणारे लोक तिथं अजून आहेत. स्प्रिंग मात्र मी घरी केली, मोजपट्टीच्या स्टीलची, आणि तिथं दोनदा चुकलो. पहिलीचं टोक एका बाजूला वाकवलेलं होतं, त्यामुळे चाक पुढे जाई आणि मागे अडे. टोक दोन्ही बाजूंनी सारखं उतरतं, आणि गोलसर घासलेलं हवं. दुसरी तशी केली, पण जुलैच्या पावसात ती गंजली आणि पांढऱ्या चाकावर तांबूस रेघा उमटल्या. मग काका म्हणाले, "आधी विचारायचंत ना, फॉस्फर ब्राँझची पट्टी देतो." हा तांब्याचा, न गंजणारा मिश्रधातू. ती बसवल्यापासून प्रत्येक बॉलला एकच स्वच्छ "टक्" येतो आणि दोन्ही दिशांना सारखा.

अजून एक तक्रार आहे. ऑगस्टच्या झडीत लाकूड फुगलं आणि डाव्या काउंटरचं दशकाचं चाक कडेला घासू लागलं. लाकडातली खाच तासायचा मोह झाला होता, पण उन्हं पडल्यावर लाकूड परत आखडतं आणि मग चाक खुळखुळतं. फाइलच्या प्लास्टिक कव्हरातून दोन वॉशर कापून घातले, त्यानं बराच फरक पडला. तरी पूर्ण मोकळं नाही. देखभाल म्हणाल तर पंधरा दिवसांनी रंगाच्या कोरड्या ब्रशनं खिडक्या झटकायच्या, बाकी काही नाही.

दोन्ही काउंटर मिळून साडेअठराशे रुपये खर्च आला, त्यातला मोठा भाग पिनांचा. नव्या काउंटरचा जोडही बसवता आला असता, पण पट्टीतली खाच वाढवावी लागली असती आणि इतक्या जुन्या लाकडाला पटाशी लावायला माझं मन होत नव्हतं.

शनिवारचे वाद थांबले आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर पूर्वी फक्त बघायला बसायचे. आता खेळाडूंच्या आधी तेच काउंटरपाशी उभे असतात आणि फाउल झाला की चाक स्वतः एक घर मागे घेतात. ब्राँझची वीतभर पट्टी उरली आहे, त्यातून जादा चार स्प्रिंगा कापून ठेवतोय. थिनरनं बिघडलेलं चाक दिवाळीनंतर काकांकडे नेऊन पाहणार आहे, नायलॉनचं करून मिळालं तर.