लालबागची जुनी खाणावळ: तिखलं एक नंबर

चाळीच्या तळमजल्यावर पाच-सहा टेबलं, बोर्ड धड दिसत नाही, विचारत जावं लागतं. बांगड्याची थाळी घेतली, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, भात, सोलकढी. तिखल्यात, म्हणजे बांगड्याच्या आंबट-तिखट कालवणात, ठेचलेली त्रिफळं (कोकणात माशाला घालतात तो मसाला) होती, हल्ली मालवणी म्हणून बोर्ड लावलेल्या कितीतरी हॉटेलांत ती नसतातच आणि वर नुसता लाल तवंग असतो, इथे आमसूल पण बरोबर लागत होतं. काकी स्वतः वाढतात, रस्सा मागितला की दुसऱ्यांदा पण गरमच येतो.

गल्ल्याजवळ अजून खात्याची वही आहे, महिन्याने जेवणाऱ्यांचे खाडे मांडलेले. ते बघून खूप बरं वाटलं, कारण खाणावळ सुरू झाली ती अशाच लोकांसाठी. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, मग परळ-लालबाग गिरण्यांनी भरलं, आणि रत्नागिरीकडे शेतीचे तुकडे पडलेले, भात पावसावरचा, तो वर्षभर पुरायचा नाही, म्हणून बाप्ये मुंबईला आले. पगारात बिऱ्हाड करणं जमायचं नाही त्यामुळे बायकापोरं गावालाच, इथे एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, जेवण करणार कोण आणि कुठे? मग चाळीतलीच एखादी बाई डबे करायची, हिशोब पगाराला. घाटावरच्यांच्या खाणावळी वेगळ्या, तिथे मटण-भाकरी.

गिरणीच्या इतिहासात या बायका कुठेच नसतात याचा मला खरंच राग येतो. सावकाराकडून पैसे उचलून त्या वाणसामान भरायच्या. १९७५ ला कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, गिऱ्हाईकच गावी परतलं, कितीतरी चुली तेव्हा बंद झाल्या.

आता इथे ऑफिसवाले, डिलिव्हरीवाली पोरं, थोडे जुने कामगार जेवतात. जागा अडचणीची आहे, दुपारी उभं राहावं लागतं, बेसिन एकच. पण या पैशात असं जेवण आसपास मिळणार नाही, नक्की जा. एकच्या आत पोचा, नंतर बांगडा संपतो, आणि सोमवारी मासे नसतात, तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ घ्या.