तीन लहान मुलं आणि सहा सीटची एक्सएल६ : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी मारुती सुझुकी एक्सएल६, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. अकरा महिन्यांत साडेतेरा हजार किलोमीटर. मुलं तीन : सव्वा वर्षाचं, चार वर्षांचं आणि आठ वर्षांचं. तिघंही प्रत्येक फेरीला आपापल्या सीटवर, पट्टा लावून. गाडीत दोन-तीन चाइल्ड सीट कायम बसवलेल्या असणार असतील, तरच पुढचं सगळं उपयोगी आहे. मांडीवर मूल घेऊन जायचं असेल तर कुठलीही गाडी पुरेशी वाटते, पण ते धोक्याचं आहे आणि कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

पहिला प्रश्न सात सीट की सहा. मुलं तीन म्हटल्यावर बहुतेक जण सातकडे वळतात, आणि चूक नेमकी तिथेच होते. सलग बाकाच्या मधल्या ओळीत आयसोफिक्सचे हुक, म्हणजे चाइल्ड सीट पट्ट्याशिवाय थेट गाडीला अडकवायचे धातूचे हुक, दोन कडेच्या जागांना असतात, मधल्या जागेला नसतात. चाइल्ड सीटची रुंदी साधारण ४४ सेंटीमीटर. तीन शेजारी-शेजारी म्हणजे १३२. एवढी जागा कशीबशी मिळाली तरी मधल्या पट्ट्याचं बकल दोन सीटच्या फटीत जातं आणि मोठ्या माणसाचाही हात तिथे पोचत नाही. मग तिसऱ्या मुलाला मागच्या ओळीत पाठवायचं ठरतं. पण मागे जायला मधली सीट दुमडून पुढे सरकवावी लागते, आणि आयसोफिक्सवर चाइल्ड सीट बसलेली असेल तर ती दुमडत नाही. दोन्ही कडांना चाइल्ड सीट म्हणजे मागची ओळ बंद.

एक्सएल६ मध्ये मधल्या ओळीत दोन स्वतंत्र खुर्च्या आहेत आणि त्यांच्यामधून मागे जायला वाट आहे. वाट अरुंद आहे, मोठ्या माणसाला तिरकं होऊन जावं लागतं, पण आठ वर्षांचं मूल दप्तरासकट सहज जातं. काही दुमडावं लागत नाही, काही काढावं लागत नाही. ही गाडी निवडण्याचं आमच्या मते हेच सर्वांत मोठं कारण.

आता बसण्याची रचना. सर्वांत लहान बाळ मधल्या ओळीत डावीकडे, मागे तोंड करून. आपल्याकडे फुटपाथ डाव्या हाताला, त्यामुळे बाळाला उचलताना आपली पाठ रहदारीकडे राहत नाही. चार वर्षांचं मूल उजवीकडे, पुढे तोंड करून, पण तेही गाडीत चढतं-उतरतं डाव्याच दाराने, मधल्या वाटेतून. मोठं मूल तिसऱ्या ओळीत पाठ असलेल्या बूस्टरवर, म्हणजे गाडीचाच पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणाऱ्या सीटवर. बूस्टरला तीन टोकांचा पट्टा लागतोच, नुसता कमरेचा चालत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी प्रत्येक जागेचा पट्टा ओढून पाहावा.

मधल्या खुर्च्या पुढे-मागे सरकतात, आणि गडबड इथे होते. आधी खुर्ची जिथे ठेवायची तिथे सरकवून खटका बसल्याची खात्री करा, पाठ ठरलेल्या कोनात आणा, आणि मगच चाइल्ड सीट बसवा. क्रम उलटा झाला तर चाइल्ड सीटचा आधारपाय (गाडीच्या जमिनीवर टेकणारी दांडी) एक तर अधांतरी राहतो, नाही तर जास्त दाबला जाऊन सीटचा पुढचा भाग उचलतो. पाय जमिनीला टेकल्याची खूण हिरवी दिसली पाहिजे. त्याच्याखाली जाड रबरी मॅट ठेवू नका. मॅट घसरते आणि दबते. दोन्ही हुकांची खूणही हिरवी झाल्यावर सीट हाताने जोरात ओढून पाहा. पुढची प्रवासी सीट बाळाच्या सीटला किती जवळ चालते, हे चाइल्ड सीटच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. उंच माणूस पुढे बसणार असेल तर खरी अडचण इथेच येते, म्हणून शोरूममध्ये स्वतःची चाइल्ड सीट घेऊन जा. विक्रेते बहुधा रिकामी गाडी दाखवतात; तिन्ही सीट बसवून, पुढच्या सीटवर माणूस बसवून, मागे मूल पाठवून पाहिल्याशिवाय बुकिंग करू नका. एअरबॅग चालू असताना पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली बाळाची सीट कधीही लावायची नाही.

डिकी. तिन्ही ओळी उभ्या असताना कंपनीच्या आकड्याप्रमाणे २०९ लिटर. म्हणजे शाळेची दप्तरं, भाजीच्या दोन पिशव्या, एखादी छोटी बॅग. बाबागाडी त्यात मावेलच असं नाही, तीही दुमडून नेऊन पाहावी. तिसरी ओळ अर्धी-अर्धी दुमडते, आणि पाच जणांच्या कुटुंबाला हीच सगळ्यांत सोयीची मांडणी आहे : अर्ध्या भागात मोठं मूल, उरलेला अर्धा दुमडून बाबागाडी आणि बॅगा. सामान पाठीच्या उंचीवर रचू नका आणि जड बॅग खाली, पाठीला टेकवून ठेवा. जोरात ब्रेक लागला तर वरची बॅग थेट मुलाच्या डोक्याकडे येते. डिकीच्या जागेसाठीच आम्ही सीएनजी घेतली नाही. टाकी तिसऱ्या ओळीच्या मागे बसते आणि डिकी जवळजवळ संपते. रोजचा प्रवास लांबचा आणि बाबागाडीचे दिवस सरलेले असतील, तर हिशेब वेगळा होईल.

आजी किंवा आजोबा बरोबर येणार असतील तर सहावी जागा कोणाची, हे आधी ठरवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसऱ्या ओळीत बसवणं क्रूरपणा आहे. बसायची जागा खाली, पाय वर येतात. आजी पुढे, आई मागे मोठ्या मुलाशेजारी, हीच एक मांडणी टिकते. पण मग तिसरी ओळ पूर्ण उभी आणि बाबागाडीला जागा नाही. सहा माणसं आणि मुक्कामाचं सामान दोन्ही हवं असेल, तर छतावर कॅरिअर लावा किंवा थेट इनोव्हाच्या आकाराची गाडी पाहा.

घाटात मागची ओळ जास्त हेलकावते. ज्या मुलाला गाडी लागते त्याला मागे बसवू नका, मग ते मोठं असलं तरी. अशा वेळी चार वर्षांच्याला त्याच्या पट्ट्याच्या सीटसकट मागे पाठवावं लागतं. ती सीट पट्ट्यानेही बसवता येते ना, हे विकत घेतानाच विचारा. फक्त आयसोफिक्सवर चालणारी सीट घेतलीत तर ती मधल्या ओळीत अडकून पडते.

इंजिन १.५ लिटर, १०३ पीएस. शहरात कधी कमी पडत नाही. सहा जण, एसी आणि सामान घेऊन खंबाटकी किंवा आंबा घाट चढताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहावं लागतं, ओव्हरटेकचा हिशेब आधीच करावा लागतो. प्रमाणित मायलेज लिटरला २०.९७ किलोमीटर, पुण्याच्या गर्दीत एसी लावून ११ ते १२, महामार्गावर ९० च्या वेगाने १७ ते १८ मिळतं. पूर्ण भार असताना टायरमधली हवा चालकाच्या दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरा, नाहीतर मागचा भाग बसतो.

छतातला एसी मधल्या ओळीसाठी उत्तम. मागे तोंड केलेल्या बाळाला पुढच्या झडपांची हवा लागत नाही, छतातली लागते. झोत थेट चेहऱ्यावर न सोडता छताकडे वळवावा. उन्हात उभ्या गाडीत चाइल्ड सीटचं धातूचं बकल चटका देतं. त्यावर सुती फडकं टाकून ठेवा.

पार्किंगचं गणित विसरलं जातं. गाडीची रुंदी १७७५ मिलिमीटर. सोसायटीतली जागा अडीच मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना मिळून ७२ सेंटीमीटर उरतात. दारं सरकती नाहीत, त्यामुळे मधोमध गाडी लावली तर कुठल्याच दारातून बाळ नीट काढता येत नाही. उजवीकडे भिंतीला चिकटवून डावी बाजू मोकळी ठेवा.

देखभालीत सर्वांत त्रास खुर्च्यांच्या रुळांत पडणाऱ्या बिस्किटांच्या चुऱ्याचा. रूळ अडकला की खुर्ची अर्ध्यावर थांबते आणि खटका बसल्यासारखा वाटून बसलेला नसतो. दर पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमची चपटी नळी रुळात फिरवा. चाइल्ड सीटचे पट्टे डिटर्जंटमध्ये भिजवू नका. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवा.

याच पैशांच्या आसपास किया कॅरेन्सची सहा सीटची गाडी पाहण्यासारखी आहे. लांबी ४५४० मिलिमीटर, डिकी २१६ लिटर, आणि सहा एअरबॅग पहिल्यापासून सगळ्या प्रकारांत. पण २०२२ मध्ये ती आली तेव्हा सहा सीटचा पर्याय महागड्या प्रकारांतच मिळत होता. रेनॉची ट्रायबर स्वस्त आणि चार मीटरच्या आत बसते, पण मधे बाक आहे आणि सातही सीट उभ्या असताना डिकी फक्त ८४ लिटर. दोन चाइल्ड सीट असलेल्या घराला ती सुचवणार नाही.

चाइल्ड सीट आणि मूल मिळून वजन ३३ किलोच्या वर गेलं की चाइल्ड सीटच्या नव्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आयसोफिक्सची साधारण मर्यादा संपते. चार वर्षांच्याची सीट १३ किलोची आहे, म्हणजे मूल २० किलोचं झालं की ते बूस्टरवर आणि गाडीच्या पट्ट्यावर जाणार. त्या दिवशी उजवी खुर्ची पुन्हा दुमडता येईल.