एक्सएफ-८५ गॉब्लिन, १/४८ स्केल: किट अवघड आहे, पण घ्याच

आधीच सांगतो, प्लास्टिकचे पार्ट चिकटवून गॉब्लिनचं छोटं मॉडेल बनवायचं हे किट सोपं नाहीये. ज्यांनी आत्तापर्यंत फक्त मोठ्या जपानी कंपन्यांची किट्स केलीत, जिथे पार्ट नुसते जवळ नेले तरी बसतात, त्यांनी हे पहिलं शॉर्ट रन किट (छोट्या कंपनीने थोड्याच प्रतींत काढलेलं, पार्ट घासून बसवावे लागतात असं) म्हणून घेऊ नका. आधी एखादं साधं शॉर्ट रन किट करा, पुटी आणि सँडपेपरचा हात बसू द्या, मग याकडे वळा. पण करा नक्की, कारण मॅकडोनेल या अमेरिकन कंपनीचं एक्सएफ-८५ हे एवढं भन्नाट विमान आहे की ते हातात धरून बघितल्याशिवाय त्यातला खरा प्रॉब्लेम कळतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेला पडलेला प्रश्न असा की बी-३६ सारखं बॉम्बर हजारो मैल जाणार, पण त्याचं रक्षण करणारं फायटर एवढ्या लांब जाणार कसं, इंधनच पुरणार नाही. मग कोणीतरी म्हणालं की फायटर बॉम्बरच्या पोटातच घेऊन जाऊ, शत्रूची विमानं आली की खाली सोडू, काम झालं की परत आत ओढून घेऊ. त्यासाठी ऑक्टोबर १९४५ मध्ये दोन प्रोटोटाइपची ऑर्डर निघाली. बॉम्ब बेमध्ये, म्हणजे बॉम्बरच्या पोटातल्या बॉम्बच्या कप्प्यात, मावायचं म्हणून लांबी जेमतेम ४.५२ मीटर, पंख वर दुमडणारे, चाकं नाहीतच. भरल्या वांग्याला पंख लावावेत तसं दिसतं. पुढे नाकात तोंड उघडं, आत वेस्टिंगहाउसचं जे-३४ जेट इंजिन, त्याच्यावरच पायलट बसवलेला, पॉइंट फाइव्ह झीरो म्हणजे अर्ध्या इंचाच्या चार मशीनगन, आणि कॅनोपीच्या (पायलटवरच्या काचेच्या झाकणाच्या) पुढे नाकातून वर येणारा एक हुक. सगळं विमान त्या हुकासाठी. बॉम्बरखाली लोंबणाऱ्या ट्रॅपीझच्या दांडीला तो अडकवायचा, हीच लँडिंग.

आता किट. चेक रिपब्लिकमधलं आहे. १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, विमान साधारण साडेनऊ सेंटीमीटर लांब आणि पंख साडेतेरा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तळहातावर बसतं. मला सगळं धरून, शिपिंग आणि कस्टम्ससकट, चार हजारांच्या आसपास पडलं. एवढ्याशा विमानाला एवढे पैसे का असं घरी कोणीही विचारेल, पण असली विमानं मोठ्या कंपन्या क्वचितच काढतात, त्यामुळे पर्याय फार नसतात.

बॉक्स उघडल्यावर प्लास्टिक राखाडी, जरा मऊ, पॅनल लाइन्स बारीक आणि खोदलेल्या, हे छान. कॉकपिटची सीट आणि इंजिनचा पुढचा भाग रेझिनमध्ये, तेही बघण्यासारखे. सीटवरचे बेल्ट रेझिनमध्येच कोरलेत आणि बकलसुद्धा दिसतं. रेझिन घासताना पाण्यात घासा आणि मास्क लावा प्लीज, ती धूळ फुफ्फुसाला वाईट असते, यात तडजोड नको.

मग प्रॉब्लेम सुरू. पार्ट जागेवर बसवणाऱ्या लोकेटिंग पिन नाहीत. फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन अर्धे एकमेकांना धरले की वरची शिवण जुळते पण पोटाखाली फट राहते, ती फट पुटीने भरायची नाही, आतून प्लास्टिकची पट्टी लावून भरा म्हणजे नंतर खचत नाही. इनटेकची, म्हणजे नाकातून इंजिनला हवा नेणारी, आतली नळी दोन भागांत येते आणि तिची शिवण बाहेरून थेट दिसते, कारण नाक उघडं आहे, तिथे काही लपत नाही. ती शिवण फ्युजलाज बंद करण्याआधीच घासून रंगवून घ्या, एकदा बंद झाल्यावर आत बोट जात नाही.

शेपटीबद्दल जरा जास्त लिहितो कारण तिथे बरेच जण कंटाळून सोडून देतात. बॉम्ब बेची उंची मर्यादित म्हणून गॉब्लिनला एक उंच फिन (शेपटीचा उभा पंख) देता आला नाही, त्याऐवजी बुटके बुटके फिन वेगवेगळ्या कोनांत लावले. किटमध्ये हे सगळे फिन नुसत्या बट जॉइंटने लावायचे आहेत, खाच नाही, खूण नाही, इन्स्ट्रक्शनमध्ये कोनही नीट दिलेला नाही. मी मागून दिसणारं ड्रॉइंग स्केलप्रमाणे प्रिंट काढलं, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून फिनच्या जागी चिरा पाडल्या आणि मधे फ्युजलाजएवढं भोक पाडून शेपूट त्यात घातली, म्हणजे प्रत्येक फिन आपोआप बरोबर कोनात उभा राहतो आणि ग्लू सुकेपर्यंत हलत नाही. शिवाय प्रत्येक फिनच्या मुळाशी पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) बारीक भोक पाडून अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घातली. वेळखाऊ आहे, पण नंतर मास्किंग टेप काढताना फिन हातात येत नाही.

आणि आता सगळ्यात मोठी तक्रार, हुक. ज्याच्यासाठी विमान बनलं तोच पार्ट किटमध्ये सगळ्यात कच्चा. मोल्डची शिवण बरोब्बर हुकाच्या आतल्या वळणावर, प्लास्टिक मऊ, घासायला गेलं की वाकतं, आणि जाडी जास्त असल्यामुळे तो हुक न दिसता नुसता खुंटा दिसतो. हा पार्ट सरळ बाजूला ठेवा. पितळेच्या तारेचा बनवा, टोकाला थोडं चपटं करा, फोटो बघून वळण द्या. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल कुठल्या कुठे जातं.

हुकाबद्दल मी एवढा हट्टी का, तर याच हुकाने एका माणसाचा जीव जवळजवळ घेतला होता. २३ ऑगस्ट १९४८ ला टेस्ट पायलट एडविन शॉक बी-२९ बॉम्बरवरून पहिल्यांदा सुटला. बी-३६ अजून हाताशी नव्हतं म्हणून 'मॉन्स्ट्रो' नावाचं बदल केलेलं बी-२९ वापरायचे. विमान उडालं चांगलं, पण परत हुक अडकवायला गेला तर बॉम्बरखालची खवळलेली हवा एवढ्याशा विमानाला स्थिर राहूच देईना. शेवटी ट्रॅपीझवर आपटलं, कॅनोपी फुटली, शॉकचं हेल्मेट आणि ऑक्सिजन मास्क उडून गेले, आणि त्या अवस्थेत त्याने म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर विमान पोटावर उतरवलं, खाली फक्त स्टीलची स्किड, म्हणजे घसरपट्टी, होती. म्युरॉक म्हणजे आजचा एडवर्ड्स हवाई तळ. आणि हा माणूस पुन्हा त्याच विमानात बसला! १४ ऑक्टोबरला पहिल्यांदा हुक नीट अडकला. एकूण सात उड्डाणं, सगळी मिळून हवेत २ तास १९ मिनिटं, आणि हुक यशस्वी फक्त तीनदा. कसलेल्या टेस्ट पायलटला जर हे एवढं जड जात होतं तर युद्धात साध्या पायलटला काय जमणार, आणि तोपर्यंत हवेतल्या हवेत इंधन भरायचं तंत्रही पुढे आलं होतं. ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रोजेक्ट बंद. बी-३६ मधून गॉब्लिन एकदाही उडालं नाही.

हे सगळं वाचलेलं असतं, पण कॅनोपी आणि हुक यांच्यात किती कमी अंतर आहे हे मॉडेलवर हुक बसवताना दिसतं. हुक चुकला की दांडी सरळ पायलटच्या तोंडासमोर.

रंगकाम. दोन्ही विमानं चकचकीत मेटल फिनिशमध्ये होती, म्हणजे प्लास्टिकवरचा केसाएवढा ओरखडाही दिसणार. चढत्या ग्रिटने पॉलिश करत जा, मग ग्लॉस ब्लॅक, त्यावर अल्क्लॅडचा (धातूसारखी चमक देणाऱ्या लॅकर रंगाचा) पातळ थर. पावसाळ्यात करू नका, हवेत दमटपणा असला की लॅकरवर पांढुरका धुरकट थर येतो आणि सगळं परत. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे उत्तम. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) मोजकीच आहेत, पातळ आहेत, ती मऊ करणाऱ्या सॉफ्टनरने गोल अंगावर मस्त बसतात, इथे किटला पूर्ण मार्क. पंखांच्या टोकांचे उभे फिन वेगळे पार्ट म्हणून दिलेत, ते नंतर लावले गेले होते, त्यामुळे पहिल्या उड्डाणाचं मॉडेल करणार असाल तर लावू नका.

चाकं नाहीत म्हणून नाकात वजन घालायची भानगड नाही, हा एक मोठा दिलासा. किटमध्ये जमिनीवर विमान ठेवायची ट्रॉली दिली आहे, ती बऱ्यापैकी आहे. पण गॉब्लिन ट्रॉलीवर ठेवलं की नुसतं बुटकं विमान वाटतं, दांडीला लटकवलं की त्याचं लॉजिक कळतं. ट्रॅपीझ किटमध्ये नाही, तो पितळी नळ्यांचा सोल्डर करून बनवावा लागेल. माझं मत विचाराल तर तेवढी मेहनत घ्याच.

आणि अख्खं बी-२९ करून त्याच्याखाली गॉब्लिन लटकवायचा विचार असेल तर १/४८ घेऊ नका. त्या स्केलला बी-२९ चे पंख ९० सेंटीमीटर होतात, फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे. १/७२ मध्ये बी-२९ साठ सेंटीमीटरमध्ये बसतं आणि गॉब्लिनचे पंख नऊ सेंटीमीटरचे होतात, फक्त मग तारेचा हुक वळवायला भिंग लागेल.