भुरीवरचा ‘रामबाण’ आणि माझे २५,८०० रुपये

नाशिककडच्या द्राक्षवाल्यांनी तरी हे वाचाच. दोन एकर बागेतल्या भुरीसाठी, म्हणजे पानांवर-घडांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, गावोगाव फिरणाऱ्या एका ‘डॉक्टर’कडून ‘शंभर टक्के जैविक, रेसिड्यू फ्री’ (फळात औषधाचा अंश न राहणारं) म्हणून ८ लिटर औषध घेतलं. २,८५० रुपये लिटर, म्हणजे २२,८००. वर दोन व्हिजिटचे १,५०० प्रमाणे ३,०००. सगळे पाण्यात.

मला कोणी येडा समजू नका. भुरीसाठी आमची बाग गंधकाच्या फवारणीवरच चालत आलीय. पण डिसेंबरात आभाळ हटेना, मणी ज्वारीएवढे झालेले, व्यापारी एक्स्पोर्टचं बोलून गेलेला. रासायनिक मारायला हात धजेना. अशा वेळी कोणीही फसला असता.

चीड येते ती एकाच गोष्टीची. त्यानं माझ्यासमोर पांढरं पडलेलं पान तोडलं, छोट्या पंपानं औषध मारलं आणि अंगठ्यानं पुसलं. “बघा भाऊ, हिरवंगार!” अरे, भुरी पानाच्या वरवरच वाढते, साध्या पाण्यानं पुसली तरी ती भुकटी निघतेच! खालचे तपकिरी डाग तसेच होते. दिसले मला. तरी पैसे मोजले, तेही रोख, कारण त्याचं ‘नेट चालत नव्हतं’. रोख कोणालाच देऊ नका.

चार दिवसांत घडांच्या देठांवर पुन्हा पांढरं. “हवामानच खराब आहे भाऊ, डोस रिपीट करा.” केला. पुढं मणी तडकले.

बाटलीवर नोंदणी क्रमांक नाही, विष किती जहाल ते दाखवणारा रंगीत चौकोन नाही, बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान. असं दिसलं की माणसाला बांधावरूनच परत पाठवा.

मग कृषी कार्यालय. “लेबलवर बुरशीनाशक लिहिलंय का? नाही ना? मग १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बसत नाही.” बरं, खताच्या टेबलावर गेलो. “बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारं औषध, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलंय, पण साहेब ट्रेनिंगला आहेत.” साहेब उगवले, तर म्हणे फोडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही, सीलबंद आणा. अहो, फवारल्याशिवाय खोटं निघालं हे कळणार कसं? अर्जावर शिक्कासुद्धा भांडून घेतला. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. म्हणजे विकणारा मोकळा, आणि पुरावा शेतकऱ्यानं सांभाळायचा! तर मग एक बाटली सीलसकट बाजूला ठेवत चला, काहीही घ्या.

तोच बुवा आता कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात डाळिंबाच्या तेल्या रोगावर ‘हमखास इलाज’ विकतोय म्हणे. तिकडं कोणाचे सोयरे असतील तर आजच फोन लावा.