मियाटाला विलवूडचे हलके ब्रेक, पैसा वसूल!

आमची 1999 ची माझदा मियाटा, इथे कॅलिफोर्नियात ट्रॅकवर पण नेतो, तिला पुढे विलवूड कंपनीचे चार पिस्टनवाले फोर्ज्ड ॲल्युमिनियमचे कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवले आणि जाम खूश आहे. जुना लोखंडी सिंगल पिस्टनवाला एका हातात नि हा दुसऱ्या हातात धरला की फरक तिथेच कळतो, आणि हे वजन चाकापाशी, स्प्रिंगच्या खाली असतं म्हणून खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला जास्त नीट धरून राहतो. लगुना सेका ट्रॅकला स्ट्रेट संपून अँड्रेटी हेअरपिन या तीव्र वळणाला करकचून ब्रेक मारावा लागतो, आधी तिथे पेडल हळूहळू खाली जायचं, आता लॅपमागून लॅप तेवढंच टणक! एमर्जन्सीत एकदाच दाबलात तर अंतर फारसं कमी होत नाही हां, ते टायरवर आहे, खरा फायदा गरम झाल्यावर. सोबत ब्रेक ऑइल नक्की बदला, ताजं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं 155 लाच उकळू शकतं. पॅड थंड असताना किंचाळतात, पण चालतंय. घ्यायच्या आधी कॅलिपरच्या मापाचं कागदी टेंप्लेट चाकात लावून बघा, स्पोकला घासायला नको.