मराठी ऑडिओ बायबल: कित्येक महिने ट्रेनमध्ये ऐकल्यावर

पावसाळ्यात डाउनलोड केलेलं, आता थंडी पण संपत आली, बोरिवली ते चर्चगेट रोज कानात हेच. आधीच सांगते, मी ख्रिश्चन नाही, आमचं घर हरिपाठवालं, ऑफिसातली मैत्रीण मागे लागली म्हणून घेतलं.

पहिल्यापासून सुरू करू नका. पहिलं पुस्तक उत्पत्ती मस्त आहे पण तिसऱ्या, लेवीयमध्ये अर्पणांचे नियम सुरू झाले की डुलकी लागते. मी सरळ शमुवेलच्या दोन पुस्तकांवर उडी मारली, पहिल्याचे ३१ अध्याय, दुसऱ्याचे २४.

दावीद राजा म्हणजे धिप्पाड गल्याथला गोफणीने लोळवणारा एवढंच माहीत होतं. पण दुसऱ्या शमुवेलचा ११वा अध्याय ऐका! सैन्य लढाईवर आणि राजा घरी गच्चीवर, बथशेबा दिसली, बोलावून घेतली, तिला दिवस गेले, मग तिच्या नवऱ्याला, उरीयाला रणातून बोलावून म्हणतो घरी जा, तर तो जातच नाही, बाकीचे उघड्यावर झोपलेत मी कसा जाऊ म्हणून राजवाड्याच्या दाराशीच पडतो. शेवटी त्याच्याच हाती सेनापती योवाबला चिठ्ठी, की ह्याला पुढे ठेवा आणि तुम्ही मागे सरका. लेडीज डब्यात अंधेरीची गर्दी घुसली तरी मला पत्ता नाही.

आणि हे कुणी झाकलेलं नाहीये. (धर्मराजाने बायको पणाला लावली ते आपल्याकडेही झाकलं नाही म्हणा.) नाथान नावाचा संदेष्टा येऊन तोंडावर सांगतो, तो माणूस तूच, आणि दावीद गपचूप कबूल करतो. दावीदच्या आधीचा राजा शौल, त्याचा गुन्हा मला तरी त्यापुढे किरकोळ वाटला, शत्रूचं सगळं नष्ट कर असं देवाने सांगितलेलं असताना चांगली मेंढरं ठेवली, पण पकडल्यावर आधी म्हणे देवाला बळी द्यायला ठेवलीत, मग म्हणे लोकांना घाबरलो, आणि शेवटी काय तर वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख! असले नमुने आमच्या सोसायटीच्या मीटिंगला दर वेळी असतात. दोघांतला फरक तिथेच आहे, पापाच्या साइझमध्ये नाही.

खटकलं ते एवढंच की शिक्षा म्हणून मरतं ते दावीद-बथशेबाचं बाळ, आणि बथशेबाला काय वाटलं हे कुणी विचारतच नाही. मैत्रीण म्हणते मत्तयच्या पुस्तकात येशूची वंशावळ आहे, तिच्यात तर तिचं नाव पण नाही, उरीयाची बायको म्हणून येते. यावर आमचं अजून भांडण चालूय.

वाचणाऱ्याचा आवाज छान, भाषा जुन्या वळणाची पण कळते. लढाईतलं म्युझिक मात्र फार मोठं, आणि नेट गेलं की अध्याय परत पहिल्यापासून, त्यामुळे घरच्या वायफायवरच उतरवून ठेवा. सध्या दावीदच्या मुलावर, शलमोनावर आलेय, देवाकडे शहाणपण मागून घेतलं आणि बायका केल्या ७००. चार स्टार.