क्यूच्या दफ्तरात एक शिपाई आणि दोन खलाशी

माझ्या सुनेचे माहेर इंग्लंडचे. तिच्या आजोळच्या घराण्यात एक पायदळातला शिपाई, एक आरमारातला स्टोकर (जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा) आणि एक व्यापारी जहाजावरचा खलाशी होऊन गेला, असे घरात सांगत आले होते. कागद मात्र एकाचाही नव्हता. तो शोधण्यासाठी आम्ही दोघी नैऋत्य लंडनमधील क्यू येथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, तीन दिवस बसलो. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

प्रवेश विनामूल्य आहे. मूळ कागद हाताळायचे असतील तर वाचकाचे ओळखपत्र काढावे लागते. तेही फुकट मिळते, फक्त आपली ओळख आणि पत्ता यांचे पुरावे सोबत हवेत. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल चालते, आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्याचे पैसे पडत नाहीत. एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वीच जाणून घ्यावी: जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले येथे मिळत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली आणि तिचे दाखले जनरल रजिस्टर ऑफिसकडून विकत घ्यावे लागतात. ते आणि जनगणनेची पाने आधी जुळवून नाव, जन्मसाल व जन्मगाव पक्के केलेले असेल, तरच क्यूची फेरी सार्थकी लागते. आम्ही ते केले नसते तर त्याच नावाच्या भलत्याच माणसाला पूर्वज मानून बसलो असतो, कारण एका सशुल्क संकेतस्थळाने सुचवलेला वंशवृक्ष आम्हाला नेमका त्याच खड्ड्यात घेऊन चालला होता.

आरमाराच्या बाबतीत या संस्थेला तोड नाही, असे माझे मत झाले. 1873 पासूनच्या खलाशांच्या सेवा-नोंदवह्या एडीएम 188 (एडीएम म्हणजे ॲडमिरल्टी, आरमाराचे खाते) या मालिकेत आहेत आणि त्या नावावरून शोधता येतात. एकाच पानावर जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीचा व्यवसाय, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण व गोंदण, कोणत्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत, आणि वर्तणुकीचा शेरा, इतके सारे हाती येते. आमच्या स्टोकरच्या पानावर ‘व्हिक्टरी’ हे नाव दिसताच सुनेला ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याचे ते प्रसिद्ध जहाज आठवले आणि ती हरखून गेली. पण त्या काळात पोर्ट्समथच्या किनाऱ्यावरील बराकीतल्या माणसांची नोंदही त्याच नावाखाली होत असे. चॅटमच्या आरमारी तळासाठी ‘पेम्ब्रोक’ आणि डेव्हनपोर्टच्या तळासाठी ‘व्हिव्हिड’ लिहिलेले आढळते, तेही याच अर्थाने. तिची थोडी निराशा झाली, पण खरे ते कळले. जुन्या हजेरीपटांतही अशीच सावधगिरी हवी: नावापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर माणूस पळून गेलेला असतो आणि ‘डीडी’ असेल तर तो मरण पावलेला असतो.

व्यापारी खलाशाने मात्र घाम काढला. खलाशांची वैयक्तिक नोंदणी 1835 मध्ये सुरू होऊन 1857 मध्ये बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती 1913 मध्ये. मधल्या छप्पन्न वर्षांत माणसाच्या नावाने शोधण्याची सोयच उरत नाही. जहाज माहीत असले, तर त्याच्या अधिकृत क्रमांकावरून खलाशांच्या याद्या काढता येतात. त्यातही 1861 नंतरच्या याद्यांपैकी जेमतेम दहा टक्के क्यूमध्ये आहेत, पाचने संपणाऱ्या वर्षांच्या बहुतेक ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत, आणि सुमारे सत्तर टक्के अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमधील मेमोरियल विद्यापीठाच्या संग्रहात गेल्या आहेत. हा क्यूचा दोष म्हणता येणार नाही, पण तीन दिवसांत सारे उरकेल अशा समजुतीने येणाऱ्याने हे आधी वाचून ठेवलेले बरे.

शिपायाची कथा थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या सेवा-कागदांपैकी निम्म्याहून अधिक सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेले. जे वाचले त्यांतली पुष्कळ पाने कडेने करपलेली आणि पाण्याने डागाळलेली आहेत. ती सशुल्क संकेतस्थळांवर दिसतात, पण क्यूच्या संगणकांवर ती फुकट पाहता येतात. 1921 ची जनगणनाही तेथे तशीच विनामूल्य बघायला मिळते. आमच्या शिपायाचे कागद जळालेल्यांत असावेत, त्यामुळे त्याच्याविषयी पदकाच्या नोंदीपलीकडे काही सापडले नाही. सशुल्क संकेतस्थळाची वर्गणी भरण्याआधी हे तपासले असते, तर काही पौंड वाचले असते.

तिसऱ्या दिवशी, वाचनकक्ष बंद व्हायला थोडा वेळ असताना, सुनेने स्टोकरच्या नोंदीवरून त्याची उंची मोजली आणि आपल्या मुलाची तिच्याशी ताडून पाहिली. व्यापारी खलाशाच्या जहाजाचा क्रमांक आता मिळाला आहे; न्यूफाउंडलंडला पत्र पाठवायचे आहे.